बॉनेटखालचा हार

तीर्थरूप रावजीदादा,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. बायडावहिनींचा गुडघा कसा आहे? बागेची छाटणी उरकून आता फवारणीची धांदल असेल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्हाला ऐकू कमी येतं, मग मला ओरडावं लागतं आणि माझं सुखदुःख तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळतं. (सुख तसं कळण्याजोगं फारसं उरलेलं नाही.)

"दाजी, लय दिस झाले, दिंडोरीला या की, चार दिस राहा," असं तुम्ही तीनदा म्हणालात आणि तिन्ही वेळा मी गाडी बिघडल्याचं सांगितलं. तुम्हाला ते निमित्त वाटलं असणार. म्हणून साद्यंत हकिकत कळवतो.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गाडीत समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. शिवाय गाडी पेट्रोल पिऊ लागली. पंधरा दिवस पुरणारी टाकी आठवड्यात तळाला. वरच्या मजल्यावरचा अमोल (बँकेत आहे, त्यामुळे त्याला सगळंच कळतं) म्हणाला, "काका, दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा, सगळे तेच करतात." चिकटपट्टी सापडेना. कुठली वस्तू कुठे आहे हे मी छत्तीस वर्षं तुमच्या सुमनला विचारत आलो; आता कपाटाला विचारतो, ते सांगत नाही. शेवटी तिच्या पाकिटातली एक मोठी टिकली लावली. दिवा झाकला गेला, पण माझी नजर रस्त्यावर ठरेना आणि उपनगर नाक्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या. टिकली काढून परत पाकिटात ठेवली.

मग जेल रोडच्या सुनील मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्टिअरिंगखाली एक यंत्र जोडलं. इंजिनाला हवा कमी पडते, असं यंत्राचं म्हणणं. (माणसाला असं यंत्र लावून बघायची सोय नाही तेच बरं.) त्याने एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत मूठभर झेंडूच्या पाकळ्या. सुनील माझ्याकडे बघतच राहिला. "काका, वीस वर्षांत यातून उंदीर निघाले, झेंडू आज पहिल्यांदाच."

दादा, तुमच्यापासून काय लपवायचं. सुमनला जाऊन वर्ष झालेलं नाही, म्हणजे यंदा घरात सण नाही, दाराला तोरण नाही. पण गाडी घेतल्यापासून अकरा दसरे तिने गाडीला हार घातला. (मी तेव्हा वर चहा पीत बसायचो.) यंदा गाडी बोडकी राहावी हे मला सोसेना. बाहेरून हार घालावा, तर कॉलनीतल्या बायका म्हणणार, बायकोला जाऊन सहा महिने झाले नि याला सण सुचतोय. म्हणून भल्या सकाळी खाली उतरलो, हार बॉनेटच्या आत बांधला, हळदकुंकू वाहिलं आणि बॉनेट लावून टाकलं. तो नेमका हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी बांधला गेला होता. इंजिनाने पाकळी पाकळी करून नैवेद्य खाल्ला.

सुनील आधी पोट धरून हसला, मग त्याने चहा मागवला. फिल्टर बदलला, दिवा विझला. निघताना म्हणाला, "पण काका, नुसत्या फुलांनी एवढं पेट्रोल जात नसतं. गाडी फिरते कुठं?" मी म्हटलं, भाजी आणायला.

असो. गाडी दुरुस्त झाली, पण आता थंडी पडली आहे आणि जुन्या इंजिनाला थंडी बाधते. तेव्हा इतक्यात येणं होईलसं दिसत नाही. रागावू नये.

आपला,
धनराज

ता. क. वहिनींना सांगा, पोळ्या जमतात. लेक संजना बंगळूरहून रोज फोन करून जेवलात का विचारते, मी हो म्हणतो.

ता. क. दुसरा : थंडीचं काही खरं नाही. भाजीला पंचवटीत जातो, तशीच गाडी दिंडोरी रोडला घालतो आणि म्हसरूळहून मागे फिरतो. दसऱ्यापासून नऊ वेळा. पेट्रोल तिकडे गेलं. गाडी अंगणात थांबली की वहिनी दारात येणार, सवयीने दुसऱ्या बाजूच्या दाराकडे बघणार, आणि त्या दारातून कुणीच उतरणार नाही. तेवढं मला बघवणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीने तुम्ही म्हसरूळला येऊन थांबाल का? तिथून पुढे माझ्या शेजारी बसा. म्हसरूळपर्यंत मला एकट्याला येता येतं.