पोस्टाच्या पायरीवरची सहमती

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाचीची झोप आणि तिच्या बाळाचं रांगणं, तिन्हींची खुशाली कळव. मी मजेत आहे. (हे वाक्य तू दोनदा वाचशील, म्हणून एकदाच लिहितो.) तू तिच्या बाळंतपणाला गेलीस ती महिन्याभरात येते म्हणून, आता ते बाळ दारापर्यंत पोचतं असं तू लिहितेस, आणि इथे मला घर खायला उठतं. पण घाई करू नकोस.

रागावणार नसशील तर सांगतो. मी हल्ली दिवसभर कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पायरीवर बसलेला असतो. आपलं पोस्ट बंद करून म्हणे लांबच्या मोठ्या कचेरीत घालणार होते. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणजे आपलं बोलणं चालतं ते याच खिडकीतून. तेव्हा दुकानाला कुलूप लावलं (चष्मे दुरुस्त करायला तरी कुठे रांग लागली आहे?) आणि बसलो धरण्याला. आमच्यात पुढारी कोणी नाही, सगळं सर्वांच्या सहमतीने. ही पद्धत रिटायर झालेल्या नर्सबाईंनी घालून दिली. पटलं तर दोन्ही पंजे वर करून हलवायचे. मुळीच मान्य नसेल तर छातीवर हातांची फुली धरायची. एकाने जरी फुली धरली तरी निर्णय अडला, मात्र अडवणाऱ्याने कारण सांगायचं आणि दुसरा मार्गही सुचवायचा. आपल्या घरी ही भानगड कधी नव्हती. तू ठरवायचीस, मी कुरकुरायचो आणि दोघं जेवायला बसायचो.

पहिल्याच दिवशी चहात साखर आधी घालायची की वेगळी ठेवायची, यावर चर्चा सुरू झाली आणि चहाचं पाणी झालं. शेवटी आमच्यातला प्लंबर ओरडला, "अहो, परत गरम करायचा का, तेवढं तरी ठरवा!" मग त्यावरही मतं घेतली. दुसऱ्या दिवशी डोक्यावर ताडपत्री बांधायचं ठरत होतं. वारा सुटला होता, मी स्वेटर विसरलो होतो (आठवण करून द्यायला घरात आहे कोण?), म्हणून हात छातीशी आवळून बसलो. सभा थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. थंडी वाजते म्हणून ताडपत्री अडवली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? दिलं ठोकून, की ताडपत्रीआड आपण रस्त्यावरच्यांना दिसणार नाही, त्यापेक्षा उघड्यावरच बसू. आणि लोकांना पटलं की गं! सगळ्यांचे पंजे हलले. आम्ही कुडकुडत बसलो. तेव्हापासून प्लंबर मला 'तत्त्वनिष्ठ' म्हणतो आणि शिंकतो.

पण खरं सांगू? मला तिथे बरं वाटतं. तुमचं काय म्हणणं, असं कोणीतरी विचारतं. घरी भाजी खारट झाली असं मी म्हणतो, आणि त्यावर कोणी काही बोलत नाही. परवा तुझी खुर्ची खिडकीपाशी सरकवली. कोणी रागावलं नाही, म्हणून परत जागेवर नेऊन ठेवली. ताई, तुझी फार आठवण येते. बाळाचा पापा घे.

तुझा धाकटा

ता. क. सांगायचं राहिलं. पोस्ट वाचलं, हुकूम मागे घेतला. नर्सबाईंनी विचारलं, "धरणं उठवायचं ना?" सगळ्यांचे पंजे हलले. मी फुली धरली. या वेळी स्वेटर घातलेला होता.

आणखी एक ता. क. कारण विचारलं तेव्हा तत्त्व काही सुचेना. खरं तेच सांगितलं, की घरी जाववत नाही. दुसरा मार्ग विचारला, तर तोंडातून निघून गेलं, "ताई येईपर्यंत बसू या." पहिले पंजे नर्सबाईंचेच हलले, मग शिंकत शिंकत प्लंबरचे, मग सगळ्यांचे. आता पोस्ट उघडं आहे, भांडायला कोणी उरलेलं नाही, आणि ही सगळी माणसं तुझ्यासाठी पायरीवर बसून आहेत. बाकी सर्वांची सहमती झाली, ताई. तुझी तेवढी राहिली आहे.