शिवणाच्या खोलीतली सहा वर्षं

प्रिय डेल्मर,

तेरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मायनॉटला यंदा बर्फ उशिरा वितळलं, चर्चच्या जेवणात तुझ्या बहिणीनं, आर्डिसनं, पुन्हा बटाट्यांत मीठ घातलं नाही आणि मी बासष्ट वर्षांची झाले. बातम्या संपल्या.

माझं गर्भाशय आणि सोबत अंडाशयं काढली तेव्हा मी त्रेचाळीसची होते. डॉक्टर म्हणाले, टाके जपा, जड उचलू नका. बाकी चकार शब्द नाही. तीन महिन्यांनी तू जवळ आलास तेव्हा आत पॉलिश पेपर घासल्यासारखं झालं. मी दात आवळून पडून राहिले. पुढच्या वेळीही तेच. मग जिन्यात तुझी पावलं वाजली की मी दिवा मालवून झोपेचं सोंग घ्यायची. शेवटी अंथरूण शिवणाच्या खोलीत नेलं. एकदा दाराशी येऊन तू विचारलंस, "मार्लिस, माझं काही चुकलं का?" मी मशीन थांबवलं नाही. सहा वर्षांनी तू ट्रकमध्ये सामान भरलंस, तोवरही 'मला दुखतं' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. मलाच वाटायचं, आपलं मन मेलंय.

गेल्या वर्षी लघवीला सारखी आग होते म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासून त्या म्हणाल्या, "हे किती वर्षं अंगावर काढलंत?" अंडाशयं गेली की तिथली त्वचा कोरडी, पातळ होते आणि त्यावर हार्मोनचं मलम मिळतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. तयार मलमातल्या कशानं तरी माझी आग वाढायची. म्हणून त्यांनी मला हवं तसं औषध बनवून देणाऱ्या फार्मसीत पाठवलं. तिथल्या रोशेलनं मलम हातात देण्याआधी बजावलं, "हे खास तुमच्यासाठी घोटलंय. कारखान्यातल्या औषधासारखी याची चाचणी झालेली नसते. रक्त दिसलं, काही वेगळं वाटलं, तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा. लाजत बसायचं नाही." काउंटरपाशी आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मी नऊ वर्षं लाजले, बाई." तिघी हसलो. तीन महिन्यांत फरक पडला. घरात दुसरं कोणी नाही, तरी एका सकाळी अंघोळ करताना जाणवलं, हे शरीर पुन्हा माझं आहे.

परवा आर्डिस सहज बोलून गेली. कॉलीनशी लग्न झाल्यापासून तू तळघरात झोपतोस म्हणे. ती वर बोलावते, तर सांगतोस, "मी भयंकर घोरतो. पहिल्या बायकोला त्यापायी खोली सोडावी लागली." डेल्मर, ते मी सांगितलं होतं. अंथरूण शिवणाच्या खोलीत नेलं त्या रात्री दुसरं कारण सुचलं नाही, म्हणून. तू कधीच घोरत नव्हतास. वर जा.

एके काळची तुझीच,
मार्लिस