येसराचं माप

वसमत, ४ एप्रिल १९९८

येसर बिघडलं! सगळं.

बायको, पद्मा, वारल्यावर आमच्या सपनानं स्वतःच्या लग्नासाठी एकच गोष्ट मागितली — पंगतीला आईच्या येसराची आमटी. तिचा भाऊ प्रमोद म्हणाला, बाजारातून तयार आणू. ती ताटावरून उठून आत गेली. मी म्हणालो, मी करतो.

मेहुणी भिकाबाईनं प्रमाण तोंडी सांगितलं होतं. दोन शेर हरभऱ्याची डाळ, शेर गहू, शेर बाजरी, अच्छेर धने, वरून तोळ्याच्या हिशेबानं लवंगा-मिऱ्यांचा मसाला. शेर म्हणजे जवळजवळ किलो, असं शाळेत शिकलेलो. तसं वजनानं आणलं, भाजलं, दळलं. भिकाबाईनं बोटावर घेऊन चाखलं.

"दाजी, हे येसर न्हाई. धन्याची पूड हाय."

५ एप्रिल

लाईट नाही. गिरणी बंद.

७ एप्रिल

कळलं! फळीवर पद्माचं शेराचं पितळी माप आहे. त्यात डाळ भरून उचललं, मग ओतून धने भरले. डाळीनं हात खाली जातो, धन्यानं जातच नाही. तिचा शेर मापात भरायचा होता — काट्यावर तोलायचा नव्हता.

माप घेऊन अमृतरावांच्या किराणा दुकानात गेलो. एकेक जिन्नस मापात भरला, मग काट्यावर घातला. शेरभर डाळ पाऊण किलोच्या वर. धने जेमतेम तीनशे ग्रॅम. म्हणजे अच्छेराला दीडशे — आणि मी अर्धा किलो घातले होते! अमृतरावांनी विचारलं, पोस्टातली पार्सलं तोलायची सवय सुटंना काय? पण गिऱ्हाईकं थांबवून काटा मला दिला.

१० एप्रिल

दुसरं येसर. भिकाबाई म्हणाली, जवळ आलंय, पण मसाला लई पुढं पळतोय. कसं भरलं ते करून दाखवलं. माप भरलं, वरून हात फिरवला. ती हसायलाच लागली.

"सपाट काहून करता? लग्नाचं माप शिगेचं असतंय. आक्का तर पार सांडस्तोवर भरायची."

खरंच. मसाला तेवढाच आणि धान्य कमी! पुन्हा अमृतरावांचा काटा. आता शिगेसकट वजनं घेतली.

१३ एप्रिल

जमलं! भिकाबाईनं चाखलं. मग न विचारता डबाभर येसर बांधून घेऊन गेली.

९ मे

पंगतीचं मोठं येसर सरळ किलोनं घेतलं. चव हलली नाही. आता कितीही पानांचं सांगा!

१७ मे

लग्न पार पडलं. आमटीचं पातेलं दोनदा भरावं लागलं. व्याह्यांनी विचारलं, आचारी कोणत्या गावचा? भिकाबाईनं मोठ्यानं सांगितलं, "आचारी न्हाई, नवरीचा बाप हाय." सगळे वळून पाहायला लागले. मी पाण्याचा जग घेऊन दुसऱ्या रांगेकडे गेलो.

सपनानं पहिला घुटका घेतला. वाटी पुन्हा पुढं केली.

आज पद्मा असती तर — असो. जिंकलो.

२ जून

प्रमोद नांदेडला परत गेला. घरात मी एकटा. माझ्यापुरतं थोडं येसर भाजलं. लवंगा, मिरे निम्मेच घातले. पद्माच्या हातची आमटी मला फार तिखट लागायची — इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. आज वाटी पुन्हा भरून घेतली.