मागच्या सीटवर तिघं

मूल (जि. चंद्रपूर), रविवार दुपार

प्रिय दीपिका,

पाकीट पाहून हसू नकोस. फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तुझ्या खोलीतल्या मुली विचारतीलच. त्यांना खुशाल सांग की आमच्या ताईचं डोकं असंच आहे. फोनवर तू रडतेस, तू रडलीस की मी रडते, आणि तेवढ्यात तुमची फोन ठेवायची वेळ होते. सांगायचं ते तसंच राहतं. या वेळी मला सगळं सांगायचं आहे आणि मध्ये तुला एक शब्द बोलू द्यायचा नाही, म्हणून पत्र.

पालवी छान आहे, हे आधी वाच आणि श्वास सोड. तिला दोन नवे दात आलेत आणि त्यांची धार तिने माझ्या तेजसच्या दंडावर पाहून घेतली आहे. माझी रोशनी तिच्याहून जेमतेम दीड वर्षाने मोठी, पण घरातली आजीबाई असल्यासारखी तिला दटावत असते. पालवी सगळं ऐकून घेते आणि भाताचा हात रोशनीच्याच फ्रॉकला पुसते. तुझ्यावर गेली आहे, दुसरं काय.

तू चिखलदऱ्याला वनरक्षकाच्या ट्रेनिंगला निघालीस तेव्हाच आपलं ठरलं होतं की ते संपेपर्यंत पालवी माझ्याकडे. आई-बाबा राहिले नाहीत, तुझा नवरा लालसू ताडोबात मोहर्लीला पर्यटकांची जिप्सी चालवतो आणि घरी पाहुण्यासारखा येतो, मग पोरीची मावशी नाही तर कोण? तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना वाटलं, ही आठ दिवसांत परत येईल. तू आली नाहीस आणि तुझ्या सासूच्या पोटात दुखायला लागलं. सून जंगलात दंडा घेऊन फिरणार, हे शकुबाईंना सोसत नाही. त्याच जंगलात सून पहाटेपासून मोहफुलं वेचायची तेव्हा त्यांचं काही बिघडत नव्हतं. खाकी घातली की जंगल वाईट होतं, असं दिसतं.

तर तुझ्या सासरच्या नव्या धानाच्या सणाआधी, पंडुमच्या आधी, त्यांचा माझ्या सासऱ्यांना फोन आला. मामाजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्या फोनवरचं सगळं घर ऐकतं. शकुबाई म्हणाल्या, “रिनाचे दोन लेकरं, हे तिसरी. तुमच्या गाडीत तिघाइले बसवाले जागा नाई, तं घरात कुठून येईल? पंडुमले घेऊन या, इथीच राहील. पोट्टी इथी आली का तिची मायबी येते गपचूप.” ऐकलंस? पोरीची माया म्हणून नाही, तुला ओढून आणायला दोरी हवी म्हणून. आणि आमचे मामाजी, गुणवंतराव म्हणून पंचक्रोशीत ज्यांना मान आहे ते, मान डोलावत म्हणाले, “बराबर बोलून राह्यली ते.” मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले आणि म्हटलं, गाडीत जागा होते की नाही ते पंडुमला दिसेल. बोलून तर बसले. भाकरी करपली ती करपलीच.

गाडीचा विषय निघाला कारण आमच्या गाडीतल्या सीटांवरून सगळ्या नात्यागोत्यात आमची चेष्टा चालते. मागच्या उन्हाळ्यातलं तुला माहीतच आहे. चंद्रपूरहून येताना जंगलातल्या वळणावर रानडुकरांचं अख्खं खटलं आडवं आलं आणि दिनेशने, तुझ्या भाऊजींनी, ब्रेक दाबला. रोशनी पुढे मामाजींच्या मांडीवर होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी पोर निसटली आणि कपाळ फुटून टाके पडले. मामाजी त्यानंतर कितीतरी दिवस नीट जेवले नाहीत. माया कितीही असली तरी हात तो हातच, पट्टा नव्हे. त्याच आठवड्यात मी दोघांना लहान मुलांच्या सीटा आणल्या. मग सुरू झालं. “मायच्या मांडीले काटे आले का वो?” पूर्वी आपल्या गाडीतून लग्नाला आठ-दहा माणसं जायची, आता दोन लेकरं राजासारखी बसतात आणि म्हातारी माणसं एसटीने येतात, असं जो तो मला ऐकवून गेला. मी ऐकून घेतलं. सीटा काढल्या नाहीत.

पण दोन बसवणं वेगळं आणि तीन वेगळं, हे मला पालवीच्या सीटचं मनावर घेतल्यावर कळलं. पहिली अडचण आमच्याच हौसेची. गाडी घेतली तेव्हा मामाजींनी बाबूभाईंकडून लाल-काळं गुबगुबीत कव्हर शिवून घेतलं होतं, आठवतं? कडेच्या दोन पट्ट्यांची कुलपं मी आधीच खणून वर काढली होती. मधला पट्टा मात्र पार खाली गाडलेला, वरून पक्की शिलाई. तू म्हणशील, शिवताना कोणाच्या लक्षात नाही आलं का? आलं असेल. मागे पट्टा लावतो कोण आपल्याकडे! बाबूभाईंना कापायला सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. “भाभी, इत्ते साल में एक टाका नहीं उखड़ा इसका, और आप बोल रहे काटो?” मी म्हटलं, भाऊ, तुम्ही कापा, नाहीतर मी घरी विळ्यावर धरते. विळ्याचं नाव काढल्यावर त्यांनी स्वतः कात्री घेतली आणि चिरेला दुमड घालून अशी सुरेख शिलाई मारून दिली की मामाजींनासुद्धा नाव ठेवता आलं नाही.

पट्टा वर आला तर तो नुसता कमरेचा निघाला. तेजस मोठा, त्याची सीट म्हणजे नुसती उंच बैठक, तिला खांद्यावरून येणारा पट्टा लागतोच, म्हणजे तो मध्ये बसू शकत नाही. रोशनीच्या सीटला स्वतःचे पट्टे आहेत, ती गाडीच्या कमरेच्या पट्ट्यानेही पक्की बांधता येते, म्हणून ती मध्ये. राहिली पालवी. तिची सीट उलटी, मागे तोंड करून बसायची. चंद्रपूरहून पहिली आणली ती इतकी रुंद की गाडीचं दार लागेना. दिनेश म्हणाला, “जोराने लाव न.” दार जोराने लागलं असतं, पण तिन्ही सीटा एकमेकींवर चढून बसल्या असत्या आणि एकही पक्की राहिली नसती. परत दिली. दुसऱ्या खेपेला ब्लाऊज बेतायची टेप घेऊन गेले आणि दुकानातली एकेक सीट मोजत बसले. दुकानदार हसून म्हणाला, “बाई, एवढंच हाये तं मोठी गाडी घेऊन टाका न.” मी म्हटलं, गाडी तुम्ही द्या भाऊ, सीट मी घेते. मग त्याने आतून अरुंद सीट काढून दिली.

अंगणात अख्खी दुपार गेली. कोणाच्या शेजारी कोण, याचं लग्नाच्या पंगतीत नसेल इतकं राजकारण झालं. शेवटी जमलं ते असं. पालवी माझ्या मागे, कारण मी बुटकी, माझी सीट पुढे सरकवलेली असते. माझी उंची आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या कामी आली. मध्ये रोशनी, आणि तेजस डावीकडे, रस्त्याच्या कडेला, म्हणजे तो आपला आपण उतरला तरी वाहनांत जाणार नाही. पालवी उलटी आणि रोशनी सुलटी असल्यामुळे दोघींच्या सीटांचे फुगीर भाग एकमेकांना लागत नाहीत. गुडघा रोवून मी पट्टा ओढला, दोन्ही हातांनी सीट हलवून पाहिली, जेमतेम बोटभर हलली. मामाजी गोधडी घेऊन आले, पोरीच्या सीटखाली मऊ घालायला. मी घालू दिली नाही. खाली मऊ असलं की पट्टा ढिला पडतो. गोधडी खांद्यावर टाकून ते वाकले आणि सगळे पट्टे एकेक करून ओढून पाहायला लागले.

“माझ्या मागे” लिहिलं ते नीट वाचलंस ना? गाडी मी चालवली. पुढे जागा एकच, ती वडील माणसाची, त्याबद्दल माझं भांडण नाही. मग दिनेश चालवायला बसला तर मी घरी राहणार, म्हणजे पोरी कोणाच्या भरवशावर? दिनेशला म्हटलं, तू फटफटीने ये. तर सावली गाव, मग वैनगंगेचा पूल, गडचिरोली आणि पुढचा तुझ्या सासरपर्यंतचा, धानोऱ्याकडचा जंगलाचा रस्ता, सगळा मी चालवला, आणि मामाजी शेजारी पट्टा लावून दर वळणाला “धीरे, धीरे” करत होते. मागे दिनेश हेल्मेट घालून वरातीतल्यासारखा. गावातल्या बायका बघायला दारात आल्या. येऊ देत.

पंडुम छान झाला. नव्या धानाचं अन्न देवाला दाखवलं, सगळे सगेसोयरे जमले होते. पण त्याच्या आधीच, गाडी अंगणात थांबल्याबरोबर, शकुबाई पालवीला घ्यायला आल्या. दार उघडून त्यांनी पोरीला काखेत धरून वर ओढलं. पट्टे काही सुटले नाहीत. त्यांनी कुलूप चाचपलं, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, पोर रडायला लागली. चारचौघं बघत होती, लालसूही होता. मी जवळ जाऊन म्हटलं, “शकुबाई, राहू द्या. म्या बसवली, म्याच उतरवतो. अन् संध्याकाळी याच सीटवर बसून घरी जाईल ते.” त्या म्हणाल्या, “नातीवर आमचा हक नाई का?” मी म्हटलं, “हाये न. पायजे तवा या, पायजे तितकं खेळवा. पण तिच्या मायचं शिक्षण मोडाले तिले वापरू नका.” आवाज चढला माझा, पंडुमच्या दिवशी. आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. सगळे मामाजींकडे बघायला लागले, ते आता मला दटावतील म्हणून. ते म्हणाले, “तिघंबी बसले न आरामात. आता कायची बात राह्यली?” संध्याकाळी पालवीला त्यांनीच सीटवर ठेवलं, पट्टा मी लावला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. निघताना लालसूने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की तू ट्रेनिंग सोडायचा अर्ज लिहून ठेवला आहेस, कारण शकुबाईंनी तुला कळवलं आहे की पोट्टी आता रिनालेच माय म्हणते. खोटं नाही ते, दीपिका. म्हणते. आणि ती म्हणते तेव्हा मला गोड वाटतं, हेही लपवत नाही. तू आलीस की ती काही दिवस तुझ्याकडे यायची नाही, माझ्या पदराआड लपेल आणि तुझा जीव तुटेल. तुटू दे. मग ती तुझी होईल आणि माझा तुटेल. तेव्हा मी शकुबाईंच्या वरताण आरडाओरडा करीन, पण देईन. ती सीट मी पालवीला ठेवून घ्यायला बसवलेली नाही, तू खाकीत येशील तोवर सांभाळून तुझ्या हातात द्यायला बसवली आहे. तेव्हा अर्ज फाडून टाक. देऊन बसली असशील तर उद्या सकाळी साहेबांकडे जा आणि परत माग. ते नाही म्हणाले तर मला कळव, मी तिघांना पट्टे बांधते आणि गाडी घेऊन थेट चिखलदऱ्याला येते.

तुझीच,
एक इंचही न हटणारी,
रिनाताई