तिसऱ्या अंकातलं रडणारं मूल

३ जानेवारी
त्रेचाळिसावा प्रयोग. तिसऱ्या अंकात मुलीला निरोप देण्याचा माझा प्रवेश, आणि नेमकं तेव्हाच पाचव्या रांगेतल्या पोराने वेफर्सचं पाकीट फोडलं. दोन वाक्यं गळाली. पस्तीस वर्षं स्टेजवर आहे. मी वाक्य विसरत नाही, मला विसरायला लावतात.

११ जानेवारी
आज एका कार्टीने भर हॉलमध्ये आईला विचारलं, हे आजोबा गप्प का झाले. गप्प कुठला, पॉज घेतला होता! पॉज कळायला अक्कल लागते. प्रॉम्प्टरने विंगेतून वाक्य पुरवलं. नसता आगाऊपणा.

१२ जानेवारी, पहाटे ५
संकल्प: रोज पहाटे तिसरा अंक पाठ.

त्याच दिवशी, ८ वाजता
बायको संहिता धरून बसली. तीनदा अडलो. शेजाऱ्यांचा मिक्सर चालू होता. ती म्हणते, डॉक्टरांना दाखवू. मला? त्या पोरांच्या आईबापांना दाखवा म्हणावं.

१९ जानेवारी
निर्मात्याला ठणकावलं, हॉलमध्ये मुलं असतील तर मी नाही. तो कुरकुरला. दिग्दर्शिकेने त्याला डोळ्याने खुणावलं आणि गडी लगेच तयार. शेवटी सीनियॉरिटीला वजन असतं. दारावर पाटी लागणार: दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही.

२ फेब्रुवारी
पाटी लावूनसुद्धा! निरोपाचा प्रवेश आणि कुठेतरी पोर रडायला लागलं. प्रयोग थांबवला. पुढे येऊन चांगलं झापलं, आधी त्या मुलाला गप्प करा. कोणी जागचं हलेना. काय ही माणसं! शेवटी माझ्या मुलीचं काम करणारी नटी आली, माझा हात धरला आणि माझी राहिलेली वाक्यं स्वतःच बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
नंतर डोअरकीपर शपथेवर सांगत होता, एकही मूल आत सोडलं नव्हतं. लपवून आणलं असणार. हल्ली बायकांच्या पर्सेस केवढाल्या असतात.

५ फेब्रुवारी
दिग्दर्शिका घरी आली होती. अर्धा कप चहा प्यायली आणि रडायलाच लागली. म्हणाली, सर, थोडे दिवस विश्रांती घ्या. घेतो की. आवाजालाही बरं. माझ्या जागी तो सिरियलवाला उभा राहणार. पहिल्याच पोरापुढे त्याची भंबेरी उडेल.

१ मार्च
मुद्दाम बघायला गेलो. बायको सोबत होती. पाटी काढून टाकलीय. निरोपाच्या प्रवेशात मागे खरंच एक बाळ रडलं. मी सरसावून बसलो. तो अडखळला नाही. आवाज थोडा खाली आणला आणि बोलत राहिला. जरा वेळाने बाळही शांत झालं.
मग तो श्वास घ्यायला थांबला की पुढचं वाक्य मी मनात म्हणून बघायला लागलो. एकही आलं नाही. सगळं पहिल्यांदाच ऐकत होतो. फार भीती वाटली.
हॉल अगदी चिडीचूप होता.