आईनं सोडलेली भाकरी

प्रिय अण्णा,

उद्या तुमचा दुसरा महिना घालायचा आहे. तुमचं पान वाढण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावायचा आहे, आणि त्यात तुमचा हात असल्यामुळे तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण आता कुठं अडणार आहे!

अण्णा, आईनं भाकरी सोडली. तुमच्या नावानं.

तेराव्याला बायका जमल्या होत्या. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक जिन्नस सोडायचा, ही आपली रीत. सगळ्या बायका शहाण्या असतात, कुणी कारलं सोडतं, कुणी फणस. आत्यानं विचारलं, "वयनी, तू काय सोडती?" आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "भाकर."

"अगं बये! मग खाशील काय?"

"बघू की."

आता तुम्हीच सांगा, तुमचं काही चुकलं की नाही? आयुष्यभर दुसऱ्या कशाचं कौतुक केलं होतं का तुम्ही? मेंढ्या घेऊन शेंद्र्याहून अजिंठ्याकडे निघालो की प्रत्येक मुक्कामाला, तीन दगडांच्या चुलीसमोर बसून तेच एक वाक्य, "भाकर करावी तर हिनं." बिचारीला वाटलं, हेच यांचं सगळ्यात आवडतं.

मी तिला संभाजीनगरला माझ्याकडे घेऊन आले. (तुम्ही शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणालात, म्हणा.) पोळी वाढली तर म्हणायची, "ही पावण्यांची. दोन घास बरी लागती." भात वाढला तर म्हणायची, "त्यानं पोटाला धर येत नाय." भाजीत बोट बुडवून उठायची. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मी सकाळी कॉलेजात, हे कारखान्यात, लेक वर्गात. ती दिवसभर काय खाते, ते बघायला घरात कोण होतं?

गेल्या आठवड्यात तिची वेणी घालत होते. ती मागे वळून काहीतरी बोलली, आणि तिच्या तोंडाला वास आला. जास्त पिकलेल्या फळासारखा, गोडसर. माझा हात थांबला. अण्णा, हा वास मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात शिकवते! फळ्याकडे तोंड करून, अगदी सहज. 'मधुमेहाच्या रुग्णाच्या श्वासाला फळासारखा वास येतो.' पुढचा मुद्दा लिहून घ्या.

दवाखान्यात नेलं. साखर ठीक निघाली. डॉक्टर म्हणाले, "या उपाशी आहेत. शरीर चरबीवर चाललंय, आणि या वयात ते फार दिवस चालणार नाही. काही करून खाऊ घाला." काही करून! आईला तुम्ही ओळखता. तिच्या मनाविरुद्ध तिला कुणी पाण्याचा घोट तरी पाजला आहे का?

रिक्षातून येताना ती म्हणाली, "सोडलं म्हंजे सोडलं. त्यांच्या नावचं हाय, मोडत नसतंय."

तेव्हा मला तुमची ती कबरी मेंढी आठवली. वाटेत तिचं कोकरू मेलं आणि तिनं चारा टाकला. मी मुठीनं पाला तिच्या तोंडात कोंबत होते. तुम्ही माझ्या हातातून पाला काढून घेतलात. "एकटी मेंढी खात नसती, सुनी. बळजबरी नको करू. दुसरी भुकेली आणून बांध तिच्याशेजारी." दुसरी बांधली. ती कचाकचा खाऊ लागली. कबरी नुसती बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली.

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुपारी आईसमोर जमिनीवर बसले. मध्ये रिकामं ताट, मुठीत शेंगदाणे. म्हटलं, "आई, वर्गात मी जे शिकवते ते आज तुला शिकवणार."

"मला? साठी उलटून गेल्यावर?"

"बस तू."

ताटाच्या कडेला चार दाणे ठेवले, एक दाणा म्हणजे कार्बनचा एक अणू. "हे शेंद्रं. इथं चौघं उभे आहेत. आपण जेवतो त्याचे शेवटी बारीक तुकडे होतात, दोन-दोन दाण्यांचे. दोघं आले की हे चौघं त्यांना सोबत घेतात. किती झाले?"

"सहा. मी मेंढरं मोजलीत जल्मभर, मला काय इचारती!"

या सहा दाण्यांच्या अवस्थेलाच सायट्रिक आम्ल म्हणतात, अण्णा. लिंबातलं आंबट. त्यावरूनच या फेरीला सायट्रिक आम्ल चक्र असं नाव पडलं. सहाही दाणे ताटाच्या कडेनं पुढे सरकवले. एका मुक्कामाला एक दाणा बाजूला काढला, पुढच्याला दुसरा. उरले चार. तेही एकदम पहिल्यासारखे नसतात, थोडे बदलत बदलत पुन्हा शेंद्र्याला येऊन उभे राहतात. मग नवे दोघं येतात. शरीराच्या पेशीपेशीत ही फेरी चालू असते.

"आन् त्ये दोघं गेले कुठं?"

"श्वासातून बाहेर."

"म्हंजे खाल्लेलं श्वासातनं जातं?"

"बरंचसं."

"मग तुझ्या अण्णांनी खाल्लेल्या माझ्या भाकरी त्या माळावरच ऱ्हायल्या म्हण की."

राहिल्या, अण्णा. बाभळींनी तो वारा घेतला, त्यांच्या शेंगा मेंढ्यांनी खाल्ल्या. आता तिथं कारखान्यांचं कुंपण आहे, पण वारा काही कुंपणात राहत नाही.

मग तिनं विचारलं, "ह्या फेरीत मिळतं काय?" बघा, मोलाचा प्रश्न! तुम्ही कुणाच्या शेतात मेंढ्या बसवायचात, लेंडीखताच्या बदल्यात तो ज्वारी द्यायचा. ज्वारी तशी खाता येत नाही, गिरणीत न्यावी लागते. तसंच आहे हे. काही मुक्कामांना थोडी ऊर्जा सुटते. ती वाहून नेणारे वेगळे असतात, ते तिला पेशीतल्या गिरणीपर्यंत नेतात. ती गिरणी चालायला श्वासातला ऑक्सिजन लागतो. तिथं जे पीठ पडतं, त्यावर आपण उठतो, बसतो, रडतो.

"आन् चरबी? डाक्तर चरबीचं सांगत व्हता."

"चरबीचेही दोन-दोनच तुकडे होतात. पण त्यांना सोबत न्यायला चौघं उभे पाहिजेत. पोटात दाणा गेला नाही की काळीज... म्हणजे यकृत गं, ते या चौघांनाच वळवून डोक्यासाठी साखर करतं. इथं शेंद्र्याला कुणीच उरत नाही." मी चार दाणे उचलले. मग दोन-दोन दाणे ताटाच्या बाहेर मांडत गेले. "हे येतात, उभे राहतात. येतात, उभे राहतात. गर्दी होते. त्या गर्दीचं जे होतं, त्याचा तुझ्या तोंडाला वास येतोय."

आईनं पदर तोंडाशी नेला. बराच वेळ ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही.

"मग ते चौघं पैल्यांदा येत्यात कुठनं?"

अण्णा, मी ते चार दाणे परत ताटाच्या कडेला ठेवले. "दाण्यातून. ज्वारीतून. भाकरीतून, आई."

कुकरची शिट्टी झाली तरी मी उठले नाही. आता हटायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

मग हळूच विचारलं, "आवडीची वस्तू सोडायची ना? खरं सांग, अण्णांना सगळ्यात जास्त काय आवडायचं?"

"भाकर."

"भाकरी तर रोजचीच. शहागंजला गेले की आधी कुठल्या दुकानात शिरायचे?"

तिच्या ओठांची कड हलली. शहागंजातले ते चाचा आठवले असणार, दर वेळी पुडी बांधताना म्हणायचे, "मामू, दांतां गए, तंबाखू नई गई!"

"तंबाखू," आई म्हणाली.

"मग तीच सोड. तुझी मिश्री तंबाखूचीच ना?"

"आगं ए! मिश्रीवर कुठं आलीस?" दोन महिन्यांत ती पहिल्यांदा अशी खेकसली. "लई शाणी झालीस कालिजात जाऊन!"

"झाले. तुम्ही दोघांनीच पाठवलंत."

मी उठून तवा टाकला. दोन ताटं नाही केली. एकाच ताटात भाकरी ठेवली आणि तिच्या शेजारी बसून मीच खाऊ लागले, ठेच्याला लावून लावून. मला खरंच भूक लागली होती. तिच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं तिचा हात ताटात आला.

"जाड थापली," ती म्हणाली. "कडा बी कच्ची ऱ्हायली."

"मग उद्या तू थाप."

अर्धी खाल्ली, अण्णा. आणि हात धुऊन आली ती मिश्रीची डबी घेऊनच. माझ्या पुढ्यात आपटली. "तुझ्या अण्णांना सांग. मोडलं नाय मी, बदललं."

तेच सांगते आहे.

या चक्राची एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. वाटेत जे दोन बाहेर पडतात, ते आत्ता आलेले नवे नसतात. आधीपासून उभ्या असलेल्यांपैकीच दोन जातात. नवे मागे राहतात, घरचे होतात, आणि पुढच्या येणाऱ्यांसाठी शेंद्र्याला उभे राहतात. हे मी किती वेळा फळ्यावर काढलं! तुम्ही गेल्यावर समजलं. तुम्ही तुमच्या वाटेनं बाहेर पडलात. आता उभं राहायचं काम माझं आहे.

म्हणून उद्या तुमच्या पानावर आईच्या हातची भाकरी असेल आणि तंबाखू नसेल. रागावू नका, तो सौदा तुमच्याच बायकोनं केला आहे. आणि माझा शब्द घ्या. कॉलेजची वेळ मी बदलून मागितली आहे. नाही मिळाली तर सकाळचं जेवण लवकर होईल, पण होईल एकाच ताटात. तुमच्या माणसाला मी एकटं जेवू देणार नाही.

तुमची भुकेली मेंढी,
सुनी