फितूर-शोध समितीचा अध्यक्ष

सोमवार, २ मे. सकाळी ९.

आजपासून लेखक संघटनेचा संप. सिनेमा, मालिका, सगळं लिखाण बंद. मुख्य मागणी एकच: भाग सुरू होण्याआधी लेखकाचं नाव पडद्यावर, वाचता येईल एवढा वेळ.

रास्त मागणी. नऊ वर्षं मी एकाच मालिकेचे संवाद लिहितोय, रोजचा एक भाग. माझं नाव शेवटी सुतारकाम आणि केशभूषा यांच्या मधून असं सुसाट जातं की सासूबाई चष्मा चढवेपर्यंत साबणाची जाहिरात लागलेली असते. नऊ वर्षांत त्यांना ते एकदाही दिसलेलं नाही. जावई लेखक आहे यावर त्यांचा विश्वास आहे, पण तो देवावर असतो तसा.

अंदाज: तीन दिवस. चौथ्या दिवशी निर्माता दारात. कारण मी लिहून दिलेल्या शेवटच्या, येत्या गुरुवारच्या भागात थोरल्या बाईसाहेबांना जिन्यावरून पाडून बेशुद्ध करून ठेवलंय. शुद्धीवर आल्यावर त्या काय बोलणार, हे जगात फक्त मला माहीत आहे. (खरं तर अजून मलाही नाही. पण निर्मात्याला ते कुठे ठाऊक?)

सकाळी ११.

संकल्प: संपाच्या सुट्टीत स्वतःचा सिनेमा लिहून हातावेगळा करायचा. रोज दहा पानं. लगेच बसलो. "दृश्य पहिलं. घर. सकाळ." दमदार सुरुवात. चहा घेतला.

बायकोने डोकावून विचारलं, हा संप आहे की नेहमीचंच. दार लावून घेतलं.

मंगळवार, ३ मे.

संपाबद्दल माझं मत लिहून ठेवतो, पुढे मुलाखतीत उपयोगी पडेल. कामगार थांबला की यंत्र थांबतं आणि लोकांना कळतं. लेखक थांबला की लोकांना वाटतं, विचार करतोय. म्हणून आम्ही रस्त्यावर दिसलं पाहिजे.

दिसलो. वाहिनीच्या इमारतीसमोर दोनशे लेखक. घोषणा काय द्यायची यावर साडेतीन तास चर्चा. पहिला खर्डा फार लांब, दुसऱ्यात भावना नाही, तिसऱ्यात यमक जुळलं पण मागणीच राहून गेली. शेवटी समोरचा चहावाला वैतागून म्हणाला, 'नाव द्या, मान द्या' असं ओरडा आणि माझ्या गिऱ्हाइकांना वाट द्या. पहिला अर्धा भाग एकमताने मंजूर.

सिनेमा: "सकाळ" खोडून "संध्याकाळ" केलं. आता खोली आली.

गुरुवार, ५ मे.

चौथा दिवस. दाढी केली, नवा शर्ट घातला. अकराला बेल वाजली. मुद्दाम सावकाश गेलो. इस्त्रीवाला.

निर्मात्याला वाहतुकीचा त्रास असेल.

शुक्रवार, ६ मे.

विपरीत. बाईसाहेब शुद्धीवर आल्या! नुसत्या आल्या नाहीत, अख्खा भागभर बोलल्या. म्हणजे कोणीतरी लिहितोय. आपल्यातलाच कोणीतरी घरभेदी!

सेटवरच्या चष्मेवालीला फोन केला. संहिता सांभाळायचं काम तिचं, तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, सर, काळजी करू नका, आमचं मस्त चाललंय, तुमचे फार उपकार आहेत. बिचारी. फोनवर कोणी ऐकत असणार, म्हणून उघड बोलता येत नसेल. आतून ती आमच्याच बाजूची आहे. असायलाच हवी, तिला मीच तर घडवलं. गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हा आठवडाभर अभ्यासाला म्हणून तिला माझी 'साठा' नावाची फाइल दिली होती. रडणं, धमकी, दवाखाना, गैरसमज, दारात उभं राहून, असे कप्पे. प्रत्येकात निवडक दोनशे वाक्यं. हिला लिहायचं वळण लागलं तर लागलं, असा विचार होता. परत मागायची राहिली.

सोमवार, ९ मे.

संघटनेच्या बैठकीत मी उभा राहून फितुराविरुद्ध अर्धा तास बोललो. आवाज लागला होता. फितूर-शोध समिती नेमायचं ठरलं आणि अध्यक्ष कोण, तर मी. दुसरं कोणी तयार नव्हतं, यावरून माझ्याबद्दलचा आदर दिसतो.

सभासद एकच: शेजारच्या मालिकेचा संवादलेखक. आम्ही त्याला स्वल्पविराम म्हणतो, कारण कुठे थांबायचं त्याला कळत नाही. तो म्हणाला, भाग नीट बघ, लेखकाची भाषा म्हणजे त्याची चाल, पाठमोरा माणूससुद्धा ओळखू येतो. मी म्हटलं, मला शिकवतोस?

गुरुवार, १२ मे.

रोज वही घेऊन टीव्हीसमोर. निरीक्षणं:

"या घराचा उंबरठा ओलांडलास तर मी तुला मेले!" एकाच आठवड्यात तीनदा, तीन वेगवेगळ्या बायका.

"डॉक्टर, काय वाट्टेल ते करा, पण यांना वाचवा!" पेशंट फक्त बीपी तपासायला आलाय.

"मला काही सांगायचंय." आणि मग सांगायचं नाही, चार भाग.

शिळी, टुकार, पाणी घालून वाढवलेली भाषा. हा नक्कीच कोणी नवशिका. आमच्या काळात असं लिहिलं असतं तर लोकांनी दगड मारले असते.

सिनेमा: समितीच्या कामामुळे सवड नाही.

सोमवार, १६ मे.

धक्कादायक. बाईसाहेब तोंड उघडायच्या आधीच सासूबाई त्यांचं वाक्य म्हणून मोकळ्या होतात. शब्द न् शब्द तोच. एकदा नाही, सात वेळा. वहीत मोजून लिहिलंय. याचा अर्थ एकच: फितुराचा आणि आमच्या घराचा काहीतरी संबंध आहे. सासूबाईंना आडून आडून विचारलं की हल्ली कोणाचे फोन येतात. त्या म्हणाल्या, भजनी मंडळाचे.

मंडळावर नजर ठेवली पाहिजे.

गुरुवार, १९ मे.

जेवताना बायको म्हणाली, अहो, मला वाटतं ती तुमची फाइल… मी तिथेच थांबवलं. संघटनेच्या कामात घरच्यांनी पडू नये. ती हसली आणि ताटात बघून जेवत राहिली. तिचं हसणं मला आवडलं नाही.

नंतर विचार केला तेव्हा वाटलं, ती फाइल एकदा बघून घ्यावी. पण अहवाल लिहायचा होता.

सोमवार, २३ मे.

आजचा दिवस माझा! भरसभेत अहवाल वाचला. फितुराची वाक्यं एकेक करून म्हणून दाखवली, हातवाऱ्यांसकट. सभागृह लोळलं. "उंबरठा" आला तेव्हा संघटनेच्या अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी. इतकं हसलेले लेखक मी पाहिलेले नाहीत. एरवी ते दुसऱ्याच्या विनोदाला हसत नाहीत. अहवालाचं शेवटचं वाक्य: "अशा माणसाने यापुढे किराणा मालाची यादीसुद्धा लिहू नये." टाळ्या.

स्वल्पविराम हसत नव्हता. माझ्याकडे टक लावून बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, चाल ओळखीची वाटते रे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एका वाक्यात पूर्णविराम दिला. मी म्हटलं, मत्सर वाईट.

त्याच सभेत माझी एक उपसूचना मंजूर झाली. समझोता होईल तेव्हा संपाच्या काळातले संवाद ज्याचे असतील त्याचंही नाव दाखवायचं. मालिकेच्या सुरुवातीला, पडदाभर, चांगलं दहा सेकंद. फितुराचं नाव घराघरांत कळू दे.

शुक्रवार, २७ मे.

विजय! सगळ्या मागण्या मान्य. निर्मात्याने माझी उपसूचना तर वाचता वाचताच मान्य केली. स्वतः माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्यासारखा लेखक मिळणं भाग्य. दगडालाही पाझर फुटतो तो असा. फितूर कोण, एवढं विचारलं. तो म्हणाला, सोमवारी पडद्यावर बघा, आमचं काम पारदर्शक असतं.

घाबरलाय.

सोमवार, ३० मे. संध्याकाळी ७.

पाहुणे बोलावलेत. शेजारचे दोघे, बायकोचा भाऊ, त्याची बायको. फितुराची फजिती एकट्याने बघण्यात मजा नाही. सासूबाई तासभर आधीपासून चष्मा लावून पुढच्या खुर्चीत. मी त्यांना म्हटलं, आज बघा, लेखणी विकणाऱ्याचं नाव कसं येतं ते.

संध्याकाळी ७.४०.

दहा सेकंद म्हणजे फार असतात. हे मला आधी कोणी सांगितलं नाही.

"भाग २,३१४ ते २,३३० : सर्व संवाद" आणि खाली माझं नाव. एवढ्या मोठ्या अक्षरांत की आडनाव दुसऱ्या ओळीवर. त्याखाली बारीक: "लेखकाच्या 'साठा' या संग्रहातून साभार." चष्मेवाली फार प्रामाणिक मुलगी आहे. उंबरठा कप्पा दुसरा. बीपी कप्पा तिसरा. सगळी माझीच लेकरं, आणि मी त्यांना भरसभेत ओळख दाखवली नाही.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. फक्त सासूबाईंनी बोटाने हवेत गिरवत माझं नाव अक्षर अक्षर वाचलं, आडनावापर्यंत. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, जावईबापू, नऊ वर्षं वाट पाहिली हो, आज डोळ्यांचं पारणं फिटलं. आणि टाळ्या वाजवल्या. एकट्याच. मला रडू आलं, का ते नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळी ८.

फोन वाजतोय. स्वल्पविराम. मग अध्यक्ष. मग परत स्वल्पविराम. बायकोला म्हटलं, घरी नाही म्हणून सांग.

ती म्हणाली, त्यांनी आत्ताच तर पाहिलंय तुम्हाला, पडदाभर. मग मेजावरचा कागद माझ्यापुढे सरकवला. किराणा मालाची यादी करायची राहिली होती. मी पेन उचललं. तिने ते हळूच काढून घेतलं आणि स्वतः लिहायला बसली.